तळ्याला दिलेला नारळ

फ्रान्सहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो. माझी धाकटी बहीण शकू फुलपाड्याला राहते, तिनं तर दार उघडता उघडताच विचारलं, "काय गं ताई, तो उंच मनोरा बघितलास?"

"नाही बघितला."

"पॅरिस?"

"विमानतळ तेवढा बघितला."

"मग एवढ्या लांब जाऊन केलंत तरी काय?"

"डोंगर चढलो. वर एक तळं होतं."

शकूनं कपाळावर हात मारला. "अगं, मग आपली जीवदानी काय वाईट होती? तिथं निदान पायऱ्या तरी आहेत!"

आता हिला काय सांगायचं? चहा होईपर्यंत सांगून संपेल अशी ती गोष्ट नाही, म्हणून सरळ लिहायलाच बसले. तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील, कुणाची जाणार असतील, त्यांना उपयोग होईल. नाही झाला तर करमणूक तरी होईल.

आमची वाडी आगाशीहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्याला. नारळ, केळी, तगर, थोडी पानवेल. हे जन्मभर त्या वाडीतच. मी चांदीपची, भातशेतीतली, पण शिकले आणि शाळेत मास्तरीण झाले. आमचा एकुलता एक समीर इंजिनियर झाला आणि आल्प्सच्या पायथ्याशी ग्रेनोबल नावाच्या शहरात नोकरीला लागला. नवं शतक लागून चार-सहा वर्षं झाली, तरी आमच्या घरी अजून इंटरनेट नाही. मुलाचे फोटो बघायला आम्ही विरारच्या सायबर कॅफेत जातो. एका रविवारी त्याचा फोन आला, "पप्पा, मला लग्न करायचंय. मुलगी इथलीच आहे. क्लेर नाव."

 हे म्हणाले, "आधी मुलगी बघतो," आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन वाडीत निघून गेले.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे होकार तोंडानं देत नाहीत. मुलाचा बाप आपल्या वाडीतला नारळ मुलीच्या हातात ठेवतो, सासू तिची ओटी भरते, की ठरलं. तोवर कितीही चहा प्या, कितीही पोहे खा, काही ठरलेलं नसतं. माझ्या हातात सासऱ्यांनी असाच नारळ ठेवला होता आणि घाबरून मी तो त्यांच्याच पायावर पाडला होता. ते बिचारे हसत हसत लंगडत गेले.

तर निघताना ह्यांनी दोन नारळ सोलून, शेंडी ठेवून, लुंगीत गुंडाळून बॅगेत भरले. एक मुलाच्या उंबऱ्यावर फोडायला. दुसरा कशाला ते मी विमानात विचारलं.

"मनात बसली तर देईन. नाय बसली तर तसाच परत आनीन."

"आणि समीर?"

"त्याचं तो बघील."

एवढं बोलून हे घोरायला लागले. मला कुठली झोप! खरं सांगायचं तर मलाही मनातून हे लग्न नकोच होतं. मुलगा तिकडचा झाला की झाला, मग आपल्याला फोनवर नुसता आवाज. पण तो नारळ बॅगेतून परत आला तर आवाजही राहणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. समीर हट्टी आहे, अगदी बापासारखा. म्हणून मी पर्सच्या तळाशी एक हिरवा खण आणि कुंकवाची डबी टाकली होती. ह्यांना अर्थातच सांगितलं नव्हतं.

ग्रेनोबल

समीरचं घर तिसऱ्या मजल्यावर. आल्या आल्या ह्यांनी उंबऱ्यावर नारळ आपटला. तिकडचा उंबरा लाकडी, नारळ काही फुटेना. चौथ्या दणक्याला फुटला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. समीरनं माफी मागत नारळाची एक वाटी त्यांच्या हातात ठेवली. संध्याकाळी त्या पुन्हा आल्या, ती वाटी तशीच हातात धरून. आतलं पांढरं खायचं की बाहेरचं दाढीवालं, हे त्यांना विचारायचं होतं.

क्लेर दुसऱ्या दिवशी आली. उंच, सडसडीत, नाकावर उन्हाचे ठिपके. माझं तिच्याशी मोडक्या इंग्रजीत जमलं. ह्यांचं आणि तिचं समीरमार्फत. ती आठवडाभर येत होती, मला बाजारात नेत होती, आणि हे आपले जेवायचे, मान हलवायचे, गप्प. मी खोदून विचारलं की म्हणायचे, "बघतोय ना." समीरही रोज बापाच्या तोंडाकडे बघायचा. बॅगेत नारळ आहे हे त्याला ठाऊक होतं. वाडीतलाच पोर तो, त्याला वेगळं काय सांगणार?

असं करता करता शेवटचा रविवार आला. सोमवारी आमचं परतीचं विमान. क्लेरच्या वडिलांना आम्हाला भेटायचं होतं, म्हणून मी सकाळी उठून घर आवरलं आणि पोहे भिजवायला घेतले.

"आई, ते घरी नाही येणार," समीर म्हणाला. "आपण सगळे तळ्यावर चाललोय. वर, माउंटनमध्ये."

"व्याह्यांना भेटायला डोंगरावर?"

"इथं असंच असतं गं. एकत्र चालायचं, वर जाऊन खायचं. चिल कर."

"मुलगी बघायला डोंगर चढनारा मी पहिलाच," हे म्हणाले. पण बूट घातल्यावर ह्यांनी नारळ काढून पाठपिशवीत घातला.  ही खूण बरी की वाईट, ते मला कळेना. मी पोह्यांचा नाद सोडला, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि अर्नाळ्याच्या सुकटीची चटणी डब्यात घट्ट बंद केली.

लाकडाची डोण

क्लेरचे वडील मिशेल गाडीतळावर वाट बघत होते. टपालखात्यातून निवृत्त झालेला माणूस, पिळदार पोटऱ्या. बायको क्लेर लहान असतानाच गेली, मुलीला त्यांनीच वाढवलेलं. त्यांनी हात पुढे केला, तर ह्यांनी नमस्कार केला. मग त्यांनी घाईनं नमस्कार केला, तर ह्यांनी हात पुढे केला. शेवटी दोघं हसले आणि तेवढ्यावरच भागवलं. बरोबर त्यांचा कुत्रा, फिलू. क्लेरनं आधीच सांगून ठेवलं, "पाण्यात काही टाकू नका. टाकलेली प्रत्येक गोष्ट तो परत आणून देतो, ऐकत नाही."

वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी. तिच्यावर तळ्याच्या नावापुढे अंतर नाही, वेळ लिहिलेली! आमच्याकडे "हे काय, इथंच" म्हणतात आणि माणूस अर्धा दिवस चालतो. इथं पाटीनं आधीच काय ते सांगून टाकलेलं. आम्हाला पाटीच्या दुप्पट वेळ लागला, तो भाग वेगळा. दुसरी नवलाई म्हणजे समोरून येणारा प्रत्येक जण नमस्कार घालतो. शहरात तीच माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. डोंगरावर आली की सगळी गाववाली होतात. हे प्रत्येकाला "राम राम" म्हणत होते आणि लोक आनंदानं घेत होते.

चढण सुरू होते तिथं एक डोण लागली. अख्खं खोड कोरून केलेली, गुरांना पाणी प्यायला. वर लोखंडी नळी आणि तिच्यातून मनगटाएवढी धार अखंड पडतेय. आम्ही सगळे पाणी प्यालो. पुढे निघालो, पण हे मागंच.

ह्यांचं एक आहे. आमच्या विहिरीचं पाणी अलीकडे मचूळ लागतं. आजूबाजूच्या विहिरी उपसून वर्षानुवर्षं टँकर भरून गेले, विरारच्या इमारतींना पाणी हवं म्हणून. तेव्हापासून कुठे नळ गळताना दिसला की हे दुसऱ्याच्या मोरीत शिरून तो बंद करतात. एका लग्नात तर नवरदेवाच्या अंगावर पाणी घालत होते तिथला नळ बंद करून आले होते! इथं नळीला चावी नव्हती. ह्यांनी डोणीभोवती फिरून बघितली, खाली वाकून बघितली, मिळाली नाही. मग इकडेतिकडे पाहून काठीला आपला चौकटीचा रुमाल गुंडाळला आणि नळीत ठोकून बसवला. आमच्यात येऊन मिळाले तेव्हा चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान. मला वाटलं, लघवीला थांबले असतील.

जरा वर जाऊन बसलो तर मागून क्लेर आली. बाटली भरायला ती पुन्हा डोणीकडे गेली होती. हातात ओला रुमाल. समीरनं तो लगेच ओळखला.

"पप्पा! काय यार, प्लीज! लोक काय म्हणतील?"

क्लेरनं त्याला हातानंच गप्प केलं. हसली नाही. ह्यांना खुणेनं म्हणाली, चला, दाखवते. आणि हा माणूस, जो माझं ऐकून कधी मागं वळला नाही, तो चढलेली वाट उतरून तिच्यामागं गेला! मीही गेले. तिनं डोणीत एक पिवळं फूल सोडलं. ते काठावरून सांडून खालच्या डोणीत गेलं, तिथून गवतातल्या चरात. आम्ही फुलामागं चालत राहिलो. चर एका झोपडीपाशी गेला. तिथं दुधाच्या बरण्या त्याच पाण्यात गार करत ठेवल्या होत्या. तिथून पुढे कुरण, आणि खाली गाव.

"म्हनजे कोन अडवत नाय?" ह्यांनी विचारलं.

समीर धापा टाकत आला होता, त्यानं विचारून सांगितलं, "ती म्हणते, वरच्यानं अडवलं तर खालच्यानं काय करायचं?"

ह्यांनी वाकून त्या चरात हात बुडवला. "आपल्याकडं हे कोन सांगेल त्या टँकरवाल्यांना," एवढंच म्हणाले, रुमाल पिळून खिशात घातला आणि पुन्हा चढायला लागले.

झाडं संपली तिथून पुढे

त्यानंतर हे आणि क्लेर एकत्र चालत होते. दुभाष्या समीर पुढे मिशेलबरोबर, आणि ह्या दोघांचं मागं काहीतरी चाललेलं. हे फुलाकडे बोट दाखवायचे, ती तिकडचं नाव सांगायची, हे मान हलवून आमच्या वाडीतलं जवळचं काहीतरी नाव ठोकून द्यायचे. निळ्या घंटेसारख्या फुलाला ह्यांनी "गोकर्न" म्हटलं आणि तिनं ते तसंच म्हणून दाखवलं. मी मागून ऐकत होते. ह्यांना इतकं बोलताना मी घरी कधी ऐकलं नव्हतं, पण नारळाचं काय ते काही कळत नव्हतं.

झाडं संपली आणि नुसतं गवत आणि दगड सुरू झाले. तेवढ्यात कुणीतरी जोरात शिटी मारली. पुन्हा एक. हे थांबले आणि मागून येणाऱ्या दोन तरुणांकडे असे रोखून बघायला लागले की ते बिचारे "बोंजूर" म्हणायचंही विसरले.

"कोन शिट्ट्या मारतंय? बायका हायत ना बरोबर!"

क्लेरनं दगडाकडे बोट केलं. मांजराहून मोठा, घुशीसारखा एक गुबगुबीत प्राणी दोन पायांवर उभा राहून आमच्याकडे बघत होता. माणूस दिसला की तो शिटी मारून बिळातल्यांना सावध करतो म्हणे. ह्यांनी त्यालाही राम राम केला.

मग बर्फ. जुलै महिन्यात, भर उन्हात, वाटेवर बर्फाचा पट्टा! मला वाटत होतं बर्फ म्हणजे पांढराशुभ्र. हा तर मळका, वर लालसर धूळ बसलेली. मी चिमूटभर तोंडात घातला, मातकट लागला. मिशेल म्हणाले टाच रोवून चाला. मी मास्तरीण, मला कोण शिकवणार? तिसऱ्याच पावलाला बसले आणि बसल्या बसल्या थेट खाली. पंजाबी ड्रेस ओला झाला, बाकी काही लागलं नाही. हे वरून ओरडले, "थांब, फिलूला पाठवतो आनायला!"

तळं

शेवटचा चढ संपला आणि समोर एकदम तळं. आमच्याकडची तळी हिरवी, कमळं, शेवाळ, म्हशी. हे निळं, आणि तळाचे दगड दिसतील इतकं नितळ. काठाला ना देऊळ, ना घाट, ना भजीवाला. वरून बर्फ वितळतो, तळ्यात येतो आणि एका कोपऱ्यातून वाहून जातो. तेच पाणी खालच्या डोणीत पडतं, असं क्लेरनं सांगितलं.

जेवायला बसलो. मिशेलनी चीज काढलं आणि जरा संकोचून कागद अर्धाच उघडला. त्याला वास! मी सुकटीचा डबा मांडीआड धरून बसले होते, तो वास आल्यावर धीर करून झाकण उघडलं. मिशेलनी हुंगलं, चटणी पावावर घेतली, वर चीज ठेवलं आणि डोळे मिटून खाल्लं. मग ह्यांनी भाकरीवर चीज घेतलं. दोन्हीकडची माणसं उगाच आपापला वास झाकत बसली होती.

जेवण झालं. हे उठले, बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पिशवीतून नारळ काढला. समीर ताठ झाला. मीही. हे क्लेरच्या दिशेनं दोन पावलं आले, तिच्या बाजूनं पुढे गेले आणि पाण्यात उतरले.

"अहो," मी म्हणाले, "तो एकच नारळ आहे."

"ठाऊक हाय."

"पप्पा, इथं पाण्यात काही टाकत नाहीत," समीरचा आवाज चिरकला होता.

"टाकत नाय मी. देतोय."

गार पाण्यानं ह्यांचे पाय लाल झाले होते. ह्यांनी हात जोडले, नारळ कपाळाला लावला आणि अलगद सोडून दिला. तो शेंडी वर करून डुलत डुलत आत जायला लागला. ह्यांनी हात जोडले म्हणून क्लेरनंही काठावर हात जोडले. तिला बिचारीला काय ठाऊक, काय वाहून चाललंय ते! समीरनं तोंड फिरवलं. मी होते तिथंच दगडावर बसले. वाटलं, संपलं. ह्या माणसानं होकार तळ्याला देऊन टाकला आणि उद्या आम्ही रिकामी बॅग घेऊन घरी जाणार. मुलाशिवाय. इतका राग आला मला ह्यांचा, की समीर समोर नसता तर मी तिथंच बोलले असते.

आणि धप्पकन आवाज झाला. फिलू पाण्यात! आम्ही सगळे ओरडलो. मिशेल ओरडले, क्लेर ओरडली, पण तो कसला ऐकतोय! सरळ पोहत गेला, नारळाची शेंडी दातांत पकडली, परत आला, आमच्या सगळ्यांवर पाणी झटकलं आणि नारळ क्लेरच्या पायाशी ठेवून शेपूट हलवत उभा राहिला.

क्लेर लालबुंद झाली. आपल्या कुत्र्यानं पाहुण्यांची पूजा मोडली, असं तिला वाटलं असणार. तिनं त्याला रागे भरलं, गळ्यातल्या रुमालानं नारळ पुसला आणि दोन्ही हातांत धरून ह्यांच्यापुढे आली. पुन्हा पुन्हा माफी मागत होती.

ह्यांनी तो घेतला नाही.

आमच्या अर्नाळ्याला नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात, तेव्हा काठावरची पोरं लाटेत उड्या मारून तो धरतात. ज्याच्या हाती लागला त्याचा. तो कुणी पुन्हा समुद्रात टाकत नाही आणि मागूनही घेत नाही. हे लहानपणी त्या पोरांत असायचे. ह्यांनी क्लेरची दोन्ही हातांची बोटं त्या नारळावर मिटवली आणि वर आपला हात ठेवला.

"तिला सांग, तिचाच हाय," समीरला म्हणाले. "सकाळपास्नं मी तोच इचार करीत होतो. नारळ एक, आनि द्यायचा दोघांना. पान्याला पहिला दिला. तिला काय तोंडानं सांगितलं असतं."

"तोंडानं?" मी म्हणाले. "तुम्ही?"

"मनात तर तिला त्या डोनीपाशीच दिला होता. आनि तू काय बघत बसलीस? तो खन काढ पर्समधला."

"तुम्हाला काय माहीत?"

"इमानतळावर पर्स उघडली तेव्हा मी काय डोळे मिटून होतो?"

मला रडू आलं. रडतच उठले, कुंकू लावलं. क्लेरला पदर कुठला, समीरनं तिला टी-शर्ट पुढे धरायला सांगितलं. नारळ झाला, खण झाला, पण ओटीला तांदूळ हवेत आणि तांदळाच्या तर भाकऱ्या होऊन गेलेल्या! मी रिकामी ओंजळ घेऊन इकडेतिकडे बघतेय, तोच मिशेलनी खिशात हात घातला आणि माझ्या ओंजळीत अक्रोड ओतले. त्यांच्या अंगणातल्या झाडाचे. मला काहीतरी हवंय, एवढंच त्यांना कळलं होतं. मी त्याच अक्रोडांनी ओटी भरली.

मग समीरनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता खाली बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. ती सुटलेली नव्हती. उठले तेव्हा त्यांनी समीरला काही विचारलं.

"ते विचारतायत, त्यांनी काय द्यायचं असतं?"

"दिलं की," हे म्हणाले. "अक्रोड दिले. मुलगी दिली."

उतरताना

उतरताना गुडघे बोलायला लागले. हे आणि मिशेल पुढे, एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात आमची विरारची छत्री, दोघंही आपापल्या भाषेत बोलत होते. क्लेर मागं, ओटी अजून तशीच सांभाळून धरलेली, पिशवीत ठेवली तरी चालते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही सांगितलं. मला ती तशी बघायला आवडत होती. समीर माझा हात धरून चालत होता, आणि मला एकदम वाटलं की हा आता खरोखरच इथला झाला. आनंदाच्या भरात ते विसरायला झालं होतं. ते आठवलं आणि मी त्याचा हात घट्ट धरला.

डोणीपाशी सगळे थांबलो. धार पडतच होती. ह्यांनी ओंजळ भरून पाणी प्यायलं, तोंडावर मारलं आणि माझ्याकडे बघितलं. तीस-पस्तीस वर्षं संसार केलाय, माझा चेहरा ह्यांना वाचता येतो.

"समीर, तिला इचार, हे पानी गावाच्या पुढं कुठं जातं?"

क्लेरनं सांगितलं. खाली नदीला मिळतं, नदी मोठ्या नदीला, आणि ती समुद्राला.

"समुद्राला मिळतं ना?" हे मला म्हणाले. "मंग अर्नाळ्याला आपल्या दारात येतंच की."

मी धारेखाली ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्यायले.